अक्कलदाढेतलं पाणी

ज्या यंत्रामुळे पुढे राज्यातल्या लाखो बायका स्वतःच्या घरात परक्या ठरल्या, ते यंत्र मुळात डायनोसॉरसाठी बनवलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सरकारी जाहिरातीत डायनोसॉरचा उल्लेख कुठेच नव्हता. तिथे एका हसऱ्या शेतकऱ्याचे बत्तीस दात होते आणि खाली लिहिलं होतं : 'मातीची साक्ष, दातांत लख्ख.'

यंत्र बनवणाऱ्या डॉ. मृणाल वैरागडे नागपूरच्या एका संशोधन संस्थेत जीवाश्मांवर काम करत. वय पंचेचाळीस. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलंच तर 'वेळ मिळाला नाही' म्हणत, आणि साडेसहा कोटी वर्षांच्या गोष्टी बोलणाऱ्या बाईच्या तोंडी ते पटूनही जाई.

जीवाश्मांची ओळख त्यांना वडिलांनी करून दिली. वैरागडे गुरुजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या खैरगव्हाणच्या शाळेत मास्तर होते. गावालगत वैरागड्यांच्या वावरात एक बुटकी टेकडी होती आणि तिच्यात नारळाएवढे गोल धोंडे सापडत. गावातले लोक ते धोंडे टिनाच्या छपरावर वजन म्हणून ठेवत, म्हणजे वादळात टिना उडत नाहीत. एकदा एक धोंडा छपरावरून पडून फुटला. गुरुजींनी त्याचं कवच भिंगाखाली धरलं, लहानग्या मृणालला बोलावलं आणि म्हणाले, "मोजत बसू नकोस, नुसतं पाह्य." तिने पाहिलं. ते अंडं होतं. लांब मानेच्या, हत्तीच्या पाचपट आकाराच्या प्राण्याचं. अख्खी टेकडी म्हणजे त्यांची बाळंतिणीची खोली होती.

गुरुजी जाऊन आता आठ वर्षं झाली होती. वावर, टेकडीसकट, आईच्या नावावर होतं.

मृणालचा प्रश्न साधा होता. अंडी घालायला आलेल्या त्या माद्या इथल्याच होत्या, की कुठून आल्या होत्या? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याला त्याचं गाव विचारायचं कसं?

तर खडकाला विचारायचं. प्रत्येक खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू थोडाथोडा असतो, आणि त्याचे दोन प्रकार असतात. एक पहिल्यापासून आहे तेवढाच राहतो. दुसरा रुबिडियम नावाच्या धातूपासून अतिशय सावकाश तयार होत जातो. वैनगंगेपलीकडचा ग्रॅनाइट म्हातारा आहे, त्याच्यात हा दुसरा प्रकार भरपूर साठलाय. आपला काळा दगड त्याच्यापुढे कालचं पोर; त्याच्यात तो कमी. खडकातून हे प्रमाण विहिरीच्या पाण्यात उतरतं, पाण्यातून पाल्यात आणि धान्यात, आणि तिथून खाणाऱ्याच्या अंगात. शरीर जरा भोळं असतं, ते स्ट्रॉन्शियमला कॅल्शियम समजून दातात बसवतं. दातावरचं कठीण कवच रोज एक पातळ थर असं वाढतं, झाडाच्या वर्तुळांसारखं, आणि एकदा तयार झालं की मरेपर्यंत बदलत नाही. मेल्यावर तर नाहीच नाही.

मृणालच्या यंत्राने हे थर दात न फोडता, एकेक करून वाचता येऊ लागले. प्राणी कुठल्या महिन्यात कुठल्या खडकावरचं पाणी पीत होता, कधी उपाशी होता, कधी आजारी पडला, सगळं. उपासमार झाली की थराची रेघ गडद उमटते. अंड्याच्या कवचाचंही तसंच. ते आईच्या शेवटच्या काही आठवड्यांच्या खाण्यातून बनतं.

उत्तर आलं ते असं : अंड्यांची कवचं ग्रॅनाइटची होती. टेकडीत सापडलेले पिल्लांचे तांदळाएवढे दात मात्र खैरगव्हाणच्या मातीचे. आया लांबून चालत आल्या होत्या, पिल्लं इथली होती. मृणालने निबंध लिहिला, परदेशात कौतुक झालं, संस्थेने पेढे वाटले. तिथेच थांबायला हवं होतं.

पण त्या पेढ्यांच्या वेळी एक उपसचिव हजर होते. त्यांनी पेढा खाता खाता विचारलं, "म्हणजे माणसाचंही कळेल?"

"कळेल," मृणाल म्हणाली. खोटं बोलायचं कारण नव्हतं.

वर्षभरात 'मूळ रहिवासी (दंतप्रमाण) अधिनियम' झाला. खरा भूमिपुत्र कोण, हा वाद साठ-सत्तर वर्षं भाषणांतून चालला होता. आता तो प्रयोगशाळेत आला. झेरॉक्सच्या दुकानांशेजारी 'येथे दात वाचून मिळतील' अशा पाट्या लागल्या. ज्या गावची खूण दातात सापडेल त्या गावचा माणूस मूळचा. गावातली जमीन, ग्रामपंचायतीची जागा, गावातली नोकरी, सगळ्यावर पहिला हक्क त्याचा.

कायदा करणाऱ्यांनी आधी काळ्या दगडाचं प्रमाण हेच राज्याचं प्रमाण धरलं. त्यामुळे सिंधुदुर्ग, भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली हे चार जिल्हे एका दुपारी परप्रांतात गेले. मग दुरुस्ती आली : 'अनुसूची ब : अन्य सन्माननीय खडक.' त्यानंतर प्रत्येक गावच्या विहिरीचं पाणी तपासून गावागावाचं प्रमाण ठरवलं, आणि खरी गंमत सुरू झाली. घरोघरचे थोरले मुलगे परगावचे निघायला लागले. धाकटे इथले, थोरले भलतीकडचे. मंत्रालयात यंत्र बिघडल्याची चर्चा झाली. शेवटी फाइल घेऊन आलेल्या एका कारकून बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, पहिलं बाळंतपण माहेरी होतं ना."

कायद्याच्या समितीतल्या अकरा पुरुषांच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्यांतले सात जण स्वतः थोरले होते आणि मामाच्या गावी जन्मले होते. पुन्हा दुरुस्ती झाली. थोरल्या मुलांना 'मातुल सवलत' मिळाली.

थोरल्यांच्या आयांना मात्र काही मिळालं नाही. बाईचे दात माहेरी तयार होतात, हा काही यंत्राचा दोष नव्हता. दोन हजारांवर सरपंच बाया घरी बसल्या. आणि कलम चौदा असं होतं की, विधवेच्या नावची शेतजमीन, ती त्या गावची मूळ रहिवासी नसेल तर, नवऱ्याच्या जवळच्या मूळ रहिवासी पुरुष नातेवाइकाकडे जाईल.

मृणालने समितीपुढे हरकत घेतली होती. शिवाय हेही सांगितलं होतं, की सगळे दात एका वेळी बनत नाहीत. पहिली दाढ जन्माच्या सुमाराला बनायला लागते, अक्कलदाढेचं कवच आठ-नऊ वर्षांपासून तेरा-चौदापर्यंत बनतं; तेव्हा कुठला दात वाचायचा ते तरी लिहा. इतिवृत्तात नोंद झाली : 'चर्चा झाली.' कायद्यात शब्द राहिले : 'कोणत्याही एका दातात.'

*

एके दिवशी मोठेबाबा संत्राबर्फीचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. मारोतराव वैरागडे, गुरुजींचे थोरले भाऊ. ऐंशीला टेकलेले, दात सगळे शाबूत.

"पोरी, माह्या दात पाहून दे," ते खुर्चीत बसत म्हणाले. "बाहेरचा पोट्टा पैसे घेते. तू घरची हायेस."

मृणालने त्यांची दाढ वाचली. वर्धा नदीपलीकडचं त्यांच्या मामाचं गाव निघालं. मातुल सवलतीत बसत होतं. तिने दाखला छापून दिला.

"खरं यंत्र हाये बाप्पा!" मोठेबाबा खूश झाले. "मामाच्या घरी झालो मी, अगदी बरोबर." त्यांनी दाखल्याची घडी करून खिशात ठेवली आणि तिथेच दुसरा कागद काढला. "आता राग नको धरू. हा अर्ज देल्ला म्या तहसीलीत. कलम चौदाचा."

मृणालने वाचला. वाचून झाल्यावर म्हणाली, "टेकडीचं काय करणार?"

"तुह्या चुलतभावाले गिट्टीचा क्रशर टाकाचा हाये. रस्त्याचं काम निघालं ना."

"त्यात अंडी आहेत, मोठेबाबा."

"साडेसहा कोटी वर्सांत उबली नाईत ती. आता का उबतीन?" ते स्वतःच हसले, मग जरा ओशाळले. "तुह्या मायले घरातून काढत नाई मी. राहो ना सुखानं. फक्त वावर. कायदा मी केला का? यंत्र मी केलं का?"

मृणालने अर्ज परत दिला. त्यांनी बर्फीचा डबा टेबलावर सरकवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

*

आई पुढच्या आठवड्यात एसटीने आली. बेबीनंदा वैरागडे, गावात 'बेबीबाई' किंवा नुसतंच 'मास्तरीणबाई'. शाळा तिने सातवीपर्यंतच केलेली, पण मास्तरची बायको म्हणून हे नाव पडलं आणि तिने ते निभावलं. पंचक्रोशीत कुठे अल्पवयीन पोरीचं लग्न ठरलं की बेबीबाई जाऊन मांडवात बसत. भांडत नसत, शिव्या देत नसत. मांडवाच्या मधोमध सतरंजीवर बसून राहत आणि विचारणाऱ्याला सांगत, "मी अठराची होऊन सासरी आली. माह्यं काय वाईट झालं? थांबा ना." जेवणावळीचं पिठलं आळून जाई, वऱ्हाडी कंटाळत, आणि बहुतेक वेळा लग्न थांबे.

"आ कर," मृणाल म्हणाली.

"लहानपणी मी म्हणत होती तुले," आई म्हणाली आणि तिने आ केला.

पहिली दाढ माहेरची निघाली. वैनगंगेपलीकडचा ग्रॅनाइट, अगदी ठळक. पुढचे दात माहेरचे. दुसरी दाढ माहेरची. मृणालला हे माहीतच होतं. जीवाश्मांच्या कामात एक सवय लागते, जबडा हातात आला की शेवटच्या दातापर्यंत वाचायचा. तिने वाचनदांडी आत सरकवून अक्कलदाढेला लावली.

पडद्यावर रेघ सुरुवातीला ग्रॅनाइटच्या उंचीवर होती. मग एका जागी गडद पट्टा आला, आठवड्याभराच्या उपासाचा असावा तसा. त्यानंतर रेघ घसरत खाली आली आणि कवचाच्या शेवटापर्यंत खालीच राहिली. खालची उंची मृणालला पाठ होती. पिल्लांच्या दातांतून तिने ती शेकडो वेळा पाहिली होती. ते खैरगव्हाणचं पाणी होतं.

तिने पुन्हा वाचलं. दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ वाचली. तेच.

"काय निघालं?" आईने तोंड पुसत विचारलं.

"तुझ्या अक्कलदाढेत गावचं पाणी आहे. कायद्याप्रमाणे तू खैरगव्हाणची."

"मग झालं तर! काहून तोंड पाडून बसली?"

"अक्कलदाढेचं कवच चौदाव्या वर्षापर्यंत पुरं होतं, आई. अठराव्या वर्षी आलेल्या बाईच्या दाढेत हे येत नाही."

आई पदराने चष्मा पुसू लागली.

"अठराची नव्हती मी," ती म्हणाली. "मांडवात सांगाले बरं पडे. माह्यासारखीचं उदाहरण देल्लं तर पोरीचा बाप ऐकते. खरं सांगतलं असतं तर म्हणला असता, तुमचं झालंच ना चांगलं, मग हिचंही होईल."

"किती वर्षांची होतीस?"

"सासू पंधरा म्हणे. आमच्या घरी कोणी लिहून ठेवत नव्हतं."

मृणाल पडद्याकडे बघत राहिली. थर मोजायला यंत्राला पाच सेकंद लागतात. आकडा कोपऱ्यात आलेला होता. पंधरा नव्हता. तिने पडदा बंद केला.

"बाबांना माहीत होतं?"

"नवरदेव होते ते. मांडवातच होते."

"बाबा तेव्हा मास्तर होते, आई. शाळेत शिकवत होते."

"हो. मले सातवीचं पुस्तक त्यायनंच आणून देल्लं. वर्स-दीड वर्स मी सासूजवळ निजे, त्यायनं कधी तोंड वर करून पाह्यलं नाई." आईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "वाईट माणूस नव्हता तुह्या बाप. पण होता ना त्या मांडवात."

*

सुनावणीपर्यंतचे दिवस मृणालला जड गेले. तिच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही नीट दिसत होत्या. अक्कलदाढ पुढे केली तर वावर वाचत होतं, टेकडी वाचत होती. पण भरल्या कचेरीत सांगावं लागणार होतं की वैरागडे गुरुजींनी कोवळ्या पोरीशी लग्न केलं. आणि ती पोर किती कोवळी, ते आईलाही अजून ठाऊक नव्हतं. दाढ लपवली तर गुरुजी भिंतीवरच्या फोटोत होते तसे राहत होते आणि टेकडीची गिट्टी होत होती.

तिसरी वाट एका सहकाऱ्याने सुचवली. "शपथेवर सांग, यंत्र भरवशाचं नाही. कायदाच पडेल. सगळ्यांचं भलं."

"आणि अंड्यांच्या आया?"

"त्या कुठे सुनावणीला येणार आहेत?"

खरं होतं. पण यंत्र खोटं म्हटलं की त्या आया पुन्हा कुठल्याच राहत नव्हत्या, आणि ते मृणालला जमेना. तिने आईला फोन केला. सांगायचं होतं आकड्याचं, बोलली भलतंच : "बाबांचं नाव खराब होईल."

"तुले वाटते मी विचार केला नसन?" आई म्हणाली. "दहा राती केला. मी मांडवात बसतो न् तिथं खोटं बोलतो. आता पुरे. ते दाढ घेऊन ये तू."

"आई, अजून एक सांगायचं होतं."

"उद्या सांग. दुधवाला आला."

दुसऱ्या दिवशी मृणालने फोन केला नाही. आईनेही विचारलं नाही.

*

तालुक्याच्या कचेरीत तहसीलदार इंगोले मॅडम होत्या. हुशार, थकलेल्या, आणि कलम चौदाच्या सुनावण्यांनी कावलेल्या. आदल्या महिनाभरात त्यांनी निदान चाळीस विधवांची वावरं दिरा-पुतण्यांच्या नावे केली होती. बाकावर खैरगव्हाणची माणसं दाटीने बसली होती. गावच्या बाया मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मृणालने शपथ घेतली, आलेख दाखवला आणि सांगितलं, की गैरअर्जदार बेबीनंदा वैरागडे यांच्या अक्कलदाढेत खैरगव्हाणच्या पाण्याची खूण आहे. मॅडमनी कायदा उघडून 'कोणत्याही एका दातात' हे शब्द दोनदा वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदाच जरा रंग आला.

मोठेबाबा उठले. त्यांनीही अभ्यास केला होता. क्रशरवाल्या मुलाने इंटरनेटवरून काढून दिला होता.

"मॅडम, अक्कलदाढ चौदाव्या वर्सापर्यंत बनते. ही बाई अठराव्या वर्सी आली. अख्खा गाव साक्षीदार हाये, तिनं स्वतः शंभर मांडवांत सांगतलं. मग दाढेत आमचं पाणी गेलं कसं? यंत्र खोटं हाये."

"खोटं?" मॅडमनी फाइलमधून दुसरा कागद काढला. "मारोतराव, तुमचा दाखला याच यंत्राचा आहे. ते खोटं असेल तर तुम्हीही मूळ रहिवासी नाही. आणि खरं असेल तर बाई लहानपणी आल्या. दोन्हीपैकी काय लिहू?"

मोठेबाबा खाली बसले.

"लग्न कोणी जमवलं होतं?" मॅडमनी विचारलं.

पंखा फिरत होता. मोठेबाबा खालच्या फरशीकडे बघत होते. "बाबा आजारी होते आमचे," ते म्हणाले. "मीच गेल्तो पाह्याले."

"तेव्हा मुलीचं वय काय होतं?"

"मोठी दिसे," मोठेबाबा म्हणाले. "उंच होती अंगानं."

मॅडम आईकडे वळल्या. "बाई, तुम्ही सांगा. किती वर्षांच्या होता?"

"पंधरा," आई म्हणाली. "अठरा मी खोटं सांगत होती. चुकलं माह्यं."

बाकावर कुजबुज झाली. मोठेबाबांच्या मुलाने मान वर केली. त्याने हिशेब पटकन केला होता. "पंधरा असलं तरी जमत नाई मॅडम! चौदालाच कवच पुरं होते. पंधराव्या वर्सी आली तर दाढेत काहीच येणार नाई."

तो बरोबर बोलत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, यंत्र वय सांगतं?"

"सांगतं."

"किती?"

मृणालने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत होती, अगदी मोकळ्या चेहऱ्याने. तिला वाटत होतं, मुलगी आता पंधराच म्हणणार आणि कसंतरी पटवून देणार.

"बारा," मृणाल म्हणाली. "बाराही पुरी नव्हती. आल्यावर साधारण आठवडाभर तिच्या पोटात अन्न नाही. मग आपलं पाणी सुरू होतं आणि तिथून पुढे दोन वर्षं कवच त्याच पाण्यावर वाढलंय."

आईचा हात बाकाच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. मागे भिंतीजवळ एका बाईने पदर तोंडाला लावला.

"बाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे नोंदवायचं का? तुमच्या नावाने कायमचं राहील."

आई उभी राहिली. "नोंदवा."

मॅडम लिहिता लिहिता मोठ्याने उच्चारत होत्या, "गैरअर्जदार वयाच्या बाराव्या वर्षी खैरगव्हाण येथे आली..."

"आली नका लिहू," आई म्हणाली. "आणली लिहा."

मॅडमनी एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला.

*

वावर आईचं राहिलं. क्रशर दुसऱ्या टेकडीवर गेला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. खैरगव्हाणच्या सुनावणीची बातमी पसरली आणि गावोगावच्या विधवा, पद गेलेल्या सरपंच बाया, कोणी नुसत्याच, अक्कलदाढ वाचून घ्यायला रांगा लावू लागल्या. पुष्कळ जणींच्या दाढेत सासरचं पाणी निघालं. प्रत्येक दाखल्याबरोबर एक वय छापून येत होतं, आणि त्या वयाशेजारी लग्न लावणाऱ्यांची नावं शोधायला कोणाला फार लांब जावं लागत नव्हतं. त्यांतले काही जण सभागृहात बसत. तीन महिन्यांत अधिनियम स्थगित झाला. कारण दिलं होतं : 'तांत्रिक.' जाहिरातीतला शेतकरी भिंतींवरून खरवडून काढला, दात तेवढे काही ठिकाणी राहिले.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडल्यावर मोठेबाबा पायरीवर उभे होते. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तेव्हा सगळेच करत होते," ते म्हणाले. आईला की मृणालला, ते कळलं नाही.

आईने उभ्या आयुष्यात त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आताही दिला नाही. "हो," एवढंच म्हणून ती पायऱ्या उतरली.

बसस्टँडवर गर्दी नव्हती. खैरगव्हाणची गाडी यायची होती. मृणालने दोन चहा आणले. आईने कप हातात धरला आणि पिण्याचं विसरली.

"मला आधी सांगायला हवं होतं," मृणाल म्हणाली. "दोन-तीनदा फोन हातात घेतला."

आईचं लक्ष नव्हतं. तिची बोटं पेरांवरून फिरत होती. एकदा मोजून झालं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तुह्याआधी एक पोरगा झाल्ता मले," ती म्हणाली. "तुले माहीत हाये."

मृणालला माहीत होतं. घरात त्याच्याविषयी कोणी बोलत नसे. तापात गेला, एवढंच.

"चार महिन्यांचा होता. रातभर ताप. सासू म्हणाली, तू बस मांडीवर घेऊन, कपाळावर पाणी ठेवत राह्य. मी बसली. पहाटे डोळा लागला माह्या." आईने कप बाकावर ठेवला. "उठली तं तो गार. सासू म्हणे, एवढी घोडी झाली न् लेकरू मरत असतानी झोपली. सतरा-अठराची बाई झोपते का अशी? मीही तेच म्हणत होती आजपर्यंत. एवढी मोठी बाई, झोपलीच कशी."

स्टँडवरच्या भोंग्यातून कुठल्यातरी गाडीचा पुकारा झाला. त्यांची नव्हती.

"आता तू बारा म्हणतंस," आई म्हणाली. "म्हणजे तेव्हा मी चौदाची होती."

तिने बोटं मिटली आणि मृणालकडे पाहिलं. मुलीला नव्हे, शपथेवर बोलणाऱ्या डॉक्टर बाईंना विचारावं तसं तिने विचारलं.

"चौदा वर्सांच्या पोरीले झोप येतेच ना, मृणाल?"

"येते, आई."

"रातभर जागल्यावर?"

"येतेच."

आईने मान हलवली. मग चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता, तरी तिने तो सावकाश, शेवटपर्यंत प्यायला.